सी लँटर्न ऊर्फ कंदील या घोड्याच्या पुढील सोयीबाबत

मी युसुफ हुसेन होडेकर, वय अदमासे बावन्न, धंदा पूर्वी आगबोटीवर खलाशी, मग मुंबईस शर्यतीच्या घोड्याचा मोतद्दार, हल्ली काही नाही, राहणार कर्ला, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज आपल्या घराच्या पडवीत बसून हे मृत्युपत्र तोंडाने सांगत आहे आणि माझे शेजारी, निवृत्त शाळामास्तर रावजी भिकाजी नागवेकर ते लिहून घेत आहेत. माझी अक्कल जाग्यावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, नशापाणी दिलेले नाही. मी घाबरलेला मात्र आहे.

यावर मास्तर म्हणाले, "युसुफभाई, हे घालू नये. उद्या कोर्टात कोणी उठून म्हणेल, माणूस भ्याला होता, म्हणजे शुद्धीवर नव्हता."

मी म्हटले, "शुद्धीवर आहे म्हणूनच भ्यालोय, मास्तर. लिहा."

म्हणून लिहिले आहे.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले व बाहेर जाऊन माझ्या मुलीशी बोलले. माझ्याशी बोलले नाहीत, त्यावरून मला समजायचे ते समजले. तेव्हापासून छातीत जरा कुठे हलले की मी जागच्या जागी थांबतो आणि वाट पाहतो. आता बोलतानाही तसेच चालले आहे. तरी मध्ये मी थांबलो तर मास्तरांनी लेखणी खाली ठेवू नये.

कलम पहिले. कर्ला येथील जांभ्या चिऱ्याचे घर, अंगण, विहिरीतला निम्मा हक्क आणि मागची माडांची वाडी ही आमच्या शरियतीप्रमाणे बायको ताजबी, मुलगी रहिमा आणि भाऊ अस्लम यांच्याकडे ज्याच्या त्याच्या हिश्शाने जाईल. यात मी कोणाला काही देत नाही आणि कोणाचे काढून घेत नाही. मागणे एवढेच की ताजबीला तिच्या चुलीपासून कोणी उठवू नये. अस्लम झांजिबारहून परत आला तेव्हापासून सांगत आला आहे की मी माझा जन्म एका जनावरापायी घालवला. ते खरे आहे. आईच्या मयतीला तो आला नाही, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असाव्यात म्हणून लिहून ठेवतो.

कलम दुसरे. मुंबईच्या शेठनी दिलेले खिशातले घड्याळ रावजी मास्तरांना द्यावे. ते मागे पडते, हे मास्तरांना ठाऊक आहे. माझी खलाशाची पेटी रहिमाला मी हयातीतच दिली आहे, तिच्यावर कोणी बोलू नये. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याने आमच्या हद्दीत घुसवलेले चिरे त्याने ठेवून घ्यावेत. मला आता त्याच्याशी भांडण्याची ताकद नाही आणि माझ्यामागे ताजबीने भांडू नये.

कलम तिसरे हे घोड्याबद्दल आहे. खरे तर त्याच्यासाठीच हा कागद केला आहे.

आमच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राने मला तिसऱ्या हिश्शापलीकडे काही देता येत नाही, आणि त्यातलेही वारसाला दिलेले बाकीच्या वारसांनी कबूल केले तरच टिकते. म्हणजे घोडा रहिमाच्या नावे करावा म्हटले तर अस्लमची कबुली लागते, आणि अस्लम ती देणार नाही. त्याने गेल्या वर्षी रत्नागिरीत उतरलेल्या सर्कशीच्या मॅनेजरला वाडीत आणून घोडा दाखवला होता. मॅनेजर लांब उभा राहून म्हणाला, "दात काढून टाकले की वळणावर येईल." अस्लम हसला. मी त्या दिवसापासून पुष्कळ भ्यालो आहे. माझ्यामागे घोडा सर्वांच्या वाटणीत पडला, तर काय होईल हे मला ऐकायला मिळालेले आहे.

तेव्हा तो परक्या माणसाच्या नावे करणे भाग आहे. कोणाच्या नावे आणि का, हे कळण्यासाठी घोड्याची हकीगत सांगतो. मास्तर म्हणतात, हकीगत मृत्युपत्रात लागत नाही. मी म्हणतो, ती नसेल तर पुढचे कलम वाचून लोक मला वेडा म्हणतील.

सन १९२४ च्या हिवाळ्यात विलायतेहून मुंबईस येणाऱ्या आमच्या बोटीच्या डेकवर लाकडी खोक्यात एक घोडा उभा करून आणला होता. तांबूस काळा, वयाने पोर, कपाळावर ज्योतीसारखा पांढरा डाग. त्याच्याबरोबरच्या गोऱ्या मोतद्दाराला बोट लागली आणि तो आडवा झाला तो उठेना. खलाशांचा मुकादम सारंग मला म्हणाला, "युसुफ, तू जनावराला पाणी दे." मी जन्मात घोड्याला हात लावलेला नव्हता. मग वादळ झाले. खोक्याचे दोर सुटायला लागले, घोडा आत आपटत होता, आणि पाय मोडला तर सगळेच गेले म्हणून मला आत घातले. त्याचे डोके धरून ठेव म्हणाले. बाहेर तो समुद्र, आत हा. मी त्याच्या मानेला मिठी मारून उभा राहिलो. त्याला कापरे भरले होते, मलाही भरले होते, अंगाला अंग लागलेले असल्यामुळे कोणाचे जास्त ते समजत नव्हते.

मुंबईच्या गोदीत तो दुसऱ्या कोणाच्या हाताने उतरेना. त्याचे मालक नसरवानशेठ, कापसाचे व्यापारी, स्वतः धक्क्यावर आले होते. त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, "अरे खलाशी, तू चल याच्याबरोबर." मी गेलो. वादळांपासून सुटलो, असे तेव्हा मला वाटले होते.

शेठच्या तबेल्यात मोठा मोतद्दार होता बाबल्या रामा घवाळी, आपल्याच हातखंब्याचा. मला जे काही येते ते त्याने शिकवले. बाबल्याला भीती ठाऊक नव्हती. घोड्याच्या मागून, पोटाखालून, पाहिजे तसा जायचा. विलायती कागदावर घोड्याचे नाव सी लँटर्न होते. बाबल्याने घोडे तयार करणाऱ्या ट्रेनर साहेबाला अर्थ विचारून घेतला आणि म्हणाला, "म्हणजे कंदीलच की." त्या दिवसापासून तबेल्यात तो कंदील झाला. माझे हात कापतात हे बाबल्याने पहिल्याच दिवशी पाहिले. मला म्हणाला, "घोडा तुझ्या तोंडाकडं बघत नाय, हाताकडं बघतो. हात तेवढा गप ठेव. बाकीचा कितीबी काप."

पहिल्या वर्षी महालक्ष्मीच्या मैदानावर कंदीलने आमची अब्रू घालवली. सुरुवातीची दोरी वर गेली की बाकीचे घोडे पुढे पळायचे आणि हा वळून तबेल्याकडे. लोक हसायचे. पुढच्या पावसाळ्यात पुण्याला ओल्या जमिनीवर त्याला काय झाले कोण जाणे. शेवटच्या वळणापर्यंत सर्वांच्या मागे राहिला आणि तेथून निघाला तो एकटाच घरी आल्यासारखा आला. त्यानंतर त्याची तीच तऱ्हा झाली. पुण्यात जिंकला, मुंबईत जिंकला, एका हिवाळ्यात कलकत्त्यास जाऊन तेथल्या घोड्यांना मागे टाकून आला. वर्तमानपत्रांत त्याचे चित्र येई. शेठनी बंगल्यावर त्याच्या कपांसाठी काचेचे कपाट केले. पानवाल्यांनी त्याच्या नावाचा विडा काढला.

मी मात्र एकही शर्यत उघड्या डोळ्यांनी पाहिली नाही. दोरी वर गेली की मी कठड्याला पाठ लावून खाली बसायचो. एवढी घोडी एका वळणावर एकमेकांच्या पायांत पाय घालून येतात, त्यात एक पाय चुकला की संपले. बाबल्या वर उभा राहून सांगायचा. "मागं हाय. अजून मागं हाय. सुटला. ऊठ रे, युसुफ, सुटला." मग मी उठायचो.

सन १९२७ मध्ये पुण्याचा मोठा चांदीचा कप कंदीलने घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठची मित्रमंडळी हार घेऊन तबेल्यात आली. घोड्याला अंगणात आणले. बाबल्याच्या हातात दोरी, मी पलीकडे पाण्याची बादली घेऊन. मंडळींपैकी कोणीतरी, कोण ते शेवटपर्यंत कळले नाही, आनंदाच्या भरात फटाक्यांची माळ लावली आणि घोड्याच्या मागे फेकली. कंदील मागच्या पायांवर उभा राहिला. बाबल्याने दोरी सोडली असती तर तो वाचला असता. अंगणात लोक होते, बायका होत्या, दोरी सुटली तर घोडा त्यांच्यात जाईल म्हणून त्याने ती सोडली नाही. घोडा खाली आला तो त्याच्यावर.

बाबल्याने पाणी मागितले. माझ्याच हातात बादली होती. पाणी देईपर्यंत तो राहिला नाही.

साहेब ट्रेनर म्हणाले, घोड्याला गोळी घाला, हा आता माणूस मारणारा झाला. शेठ म्हणाले, जिंकणारा घोडा कोणी मारीत नाही. मला कोणी काही विचारले नाही. बाबल्याचे कपडे आणि काठी घेऊन मी हातखंब्यास त्याच्या घरी गेलो. त्याची बायको तुळसा दारात आली. मी म्हटले, "घोड्याचा दोष नव्हता, वहिनी. फटाके होते." तिने बोचके घेतले आणि एक शब्द न बोलता आत गेली. मी अंगणात उभा राहिलो. ती काही बोलली असती तर माझे पाय हलले असते. तिचा तो न बोललेला चेहरा मी पुढे कित्येक वर्षे पाहत आलो.

त्या दिवसानंतर कंदील बदलला. माणूस जवळ आला की कान मागे, दात बाहेर. एका मोतद्दाराच्या खांद्याचा लचका काढला, दुसऱ्याला भिंतीशी दाबला. त्याच्या खोलीत जायला कोणी तयार होईना, म्हणून मी जायचो. मी शूर होतो असा अर्थ कोणी काढू नये. मला काढून टाकले असते तर कर्ल्याच्या घरची चूल बंद झाली असती, आणि समुद्रावर परत जायची मला याहून भीती होती. रोज सकाळी कडीला हात लावून मी बिस्मिल्ला म्हणायचो आणि बाबल्याचे शब्द आठवून हात गप ठेवायचो. घोड्याला भीतीचा वास येतो म्हणतात. येत असेल तर माझ्याइतका वास त्याने कोणाचा घेतला नसेल. मला त्याने कधी चावले नाही. का, ते मला माहीत नाही.

सन १९२९ च्या मुंबईतल्या मोठ्या शर्यतीपूर्वी, दुपारी तबेला निजलेला असताना, पांढऱ्या बुटांचा एक माणूस माझ्याकडे आला. गोड बोलला. कागदाची एक पुडी माझ्यापुढे धरून म्हणाला, "शर्यतीच्या दिवशी पाण्यात घाल. मरणार नाही तो. नुसता सुस्त होईल."

मी पुडीला हात लावला नाही.

तो म्हणाला, "तुझी बायको ताजबी ना? कर्ल्याहून तरीत बसून बाजाराला जाते. खाडी खोल आहे तिथे."

बायकोचे नाव, गाव, तरीची होडी, सगळे त्याच्या तोंडात. ओरडावे म्हटले तर तबेल्यातले कोण त्याचे आणि कोण आपले हे मला ठाऊक नव्हते. मी एकच गोष्ट केली. मागे सरकत कंदीलच्या खोलीत गेलो आणि खालचे अर्धे दार आतून लावून घेतले. जगातल्या ज्या जनावराला मी सर्वांत जास्त भीत होतो त्याच्या पोटाशी जाऊन बसलो, कारण तेथे माझ्यामागे यायची कोणाची छाती नव्हती. तो माणूस दारावरून वाकला आणि हात आत घालून म्हणाला, "बाहेर ये, वेड्या." कंदीलने मान फिरवली. माणूस किंचाळला. त्याची बाही आणि बाहीखालचे काही घोड्याच्या दातांत राहिले.

शर्यत होईपर्यंत मी त्या खोलीतून हललो नाही. पाणी माझ्या नजरेसमोरच्या नळाचे, दाणा माझ्या हातचा. साहेबांनी विचारले तर म्हटले, मला ताप आहे. कंदील जिंकला. मी कठड्याला टेकून बसलो होतो. सांगायला बाबल्या नव्हता, लोकांच्या आवाजावरून कळले.

मी पहिल्या बोटीने कर्ल्यास आलो. ताजबी अंगणात मासे साफ करीत होती. मला पाहून म्हणाली, "अवो, ह्या दिसात कसे आलात?" मी तिला काही सांगितले नाही. आज प्रथमच ती हे ऐकते आहे, दाराआड उभी राहून. चार दिवसांनी कामावर परत गेलो, पण तेव्हापासून गावी असताना बंदरात बोट लागली की उतरणाऱ्यांचे पाय मी पाहतो. तो माणूस कधी आला नाही. आला असता तर बरे झाले असते, एकदाचे काय ते होऊन गेले असते.

कंदीलची शेवटची शर्यत मी पाहिली. सन १९३१ च्या आरंभी महालक्ष्मीवर मी नेहमीसारखा खाली बसलो होतो, आणि लोकांचा आवाज अचानक थांबला. एवढ्या मैदानावर तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भीतीने उठून उभा राहिलो. शेवटच्या वळणानंतर कंदील सर्वांच्या पुढे होता आणि त्याचा पुढचा उजवा पाय जमिनीवर नीट पडत नव्हता. जॉकी त्याला आवरत होता. तो आवरला जात नव्हता. तो तसाच लंगडत, मान पुढे काढून, पहिला आला आणि शर्यतीचा शेवटचा खांब ओलांडल्यावर उभा राहिला तो हलेना. मी कठड्याखालून घुसून धावत गेलो. पायाची शीर तुटली होती. त्याने आपले डोके माझ्या छातीवर ठेवले, बोटीवर ठेवले होते तसे, आणि मी लोकांसमोर रडलो.

त्याच साली शेठचा कापूस बुडाला. सगळी घोडी विकली. कंदीलला गिऱ्हाईक नव्हते. पायाने अधू, खच्ची केलेला म्हणून पैदाशीच्या उपयोगाचा नाही, आणि चावरा. गोळी घालायचा दिवस ठरला. मी शेठच्या बंगल्यावर गेलो आणि म्हटले, "शेठ, मला द्या." शेठ काचेच्या कपाटासमोर बसले होते. म्हणाले, "तुला तो मारून टाकील, युसुफ." मी म्हटले, "मलाही तसेच वाटते." त्यांनी कागद करून दिला.

आमच्या भावकीच्या गलबतात, डोळ्यांना पट्टी बांधून, मी त्याला रत्नागिरीस आणला. भाट्याच्या वाळूच्या पुळणीसमोर गलबत उभे केले. धक्क्याला लावणे जमेना, तेव्हा गलबताचा तांडेल म्हणाला, "सोडा पाण्यात, जाईल पोहत." मी नको नको म्हणत असताना फळी घातली. तो उडी घेऊन खाली गेला आणि नाहीसा झाला. मग डोके वर आले, कपाळावरचा डाग दिसला, आणि तो किनाऱ्याकडे निघाला. किनाऱ्यावर जमलेली माणसे पळाली. तो पुळणीवर चढला, अंग झाडले आणि समुद्राकडे तोंड करून मी येईपर्यंत उभा राहिला.

तेव्हापासून तो वाडीतल्या मांगरात, म्हणजे पेंढा ठेवायच्या खोपटात आहे. कुळीथ खातो, पेंढा खातो, सकाळी पुळणीवर माझ्याबरोबर चालतो. गाव लांबून पाहते. फक्त माझी रहिमा, नवरा समुद्रावर गेला तेव्हापासून माहेरी आलेली, त्याच्या तोंडाशी जाऊन बोलते. मी किती वेळा ओरडलो असेन. ती म्हणते, "बाबा, तो तुम्हांला भितो, म्हणून तुम्ही त्याला भिता." हे उलटे आहे की सुलटे, मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात पुळणीवर चालताना माझ्या छातीत कळ आली आणि मी पडलो. दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. घोडा बिथरता तर मला भाट्यापासून कसोपच्या टोकापर्यंत फरफटत नेता. मला डोळे मिटता येत नव्हते. वर त्याचे पोट आणि माझ्या कानाशी त्याचा खूर. तरवाला दादू मयेकर आणि आणखी माणसे लांब उभी होती. कोणी जवळ येईना, आणि मी त्यांना दोष देत नाही. दादू येथे बसला आहे आणि मान खाली घालतो आहे, तर त्याने मान वर करावी. शेवटी रहिमा धावत आली, घोड्याच्या पायांशी बसली आणि माझ्या हातातली दोरी सोडवली. घोडा माझी राखण करीत होता असे लोक आता सांगतात. मला तसे वाटत नाही. तो नुसता उभा होता. पण हलला नाही.

पडल्या पडल्या मला माझ्या मरणाची भीती वाटली, हे खरे. पण त्याहून मोठी भीती अशी की आज हा माझ्या हाताखाली आहे, उद्या माझी मुलगी याच्या पायांशी एकटी असेल, किंवा हा सर्कशीत दातांवाचून. म्हणून मी हातखंब्यास तुळसाला निरोप पाठवला. ज्या माणसाचे या घोड्याने सर्वांत जास्त नेले, त्याने याचे काय ते सांगावे असे मला वाटले. ती गोळी घाल म्हणाली तर गोळी घालायची, असे मनाशी ठरवले होते. आणि ती तेच म्हणेल या भीतीने मला चार घास गेले नाहीत.

तुळसा काल आली. केस पांढरे, चाल तीच. ताजबीने तिला पाणी दिले. ती म्हणाली, "खंय हाय तो?"

मी तिला मांगराकडे नेले. कंदीलने कान मागे घेतले. ती अर्ध्या दारापासून हातभर लांब थांबली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. माझी छाती इतकी उडत होती की मी खांब धरला.

"म्हातारा झाला की हो ह्यो," ती म्हणाली.

मी म्हटले, "वहिनी, तू सांगशील तसे होईल. माझा भाऊ याला विकील. मुलीला देता येत नाही. तुझ्या नावे करतो. मग ठेव नाहीतर मार."

पुन्हा तोच चेहरा. मग म्हणाली, "शिमग्याला घरी आले की ह्याच्याबिगर दुसरं बोलायचे नाहीत. कंदील असा, कंदील तसा. मी म्हणायची, ही कुठली सवत आणलीव. त्या दिवशी तुमी आलात, फटाके होते म्हणून सांगितलंत. मला बोलायला झालं नाय. मनात आलं, दोरी का नाय सोडलान?"

"अंगणात बायका होत्या," मी म्हणालो. "दोरी सुटली असती तर घोडा त्यांच्यात गेला असता."

"हे कुणी सांगितलंन नाय मला."

"मी सांगायला हवे होते. तू आत गेलीस."

तिने डोळ्याला पदर लावला. मग पडवीत येऊन बसली आणि मास्तरांना म्हणाली, "घोडा माझा म्हणून लिवा. पण ऱ्हाईल हितंच. माझ्याकडं कुठं बांधू त्याला. कोण घ्यायला आला तर सांगा, मालकीण हातखंब्याला हाय, तिला इचारा. आनि ही पोरगी एकटी आत जायची नाय. मी येऊन जाऊन ऱ्हाईन."

अस्लम तेथेच उभा होता. तो निघून गेला. तुळसा रात्री आमच्याकडेच राहिली.

तेव्हा लिहून ठेवतो की सी लँटर्न ऊर्फ कंदील हा घोडा, त्याचा लगाम, खरारा आणि पाण्याची बादली यांसह, माझ्यामागे श्रीमती तुळसा बाबल्या घवाळी, राहणार हातखंबा, यांच्या मालकीचा होईल. त्याची देखभाल माझी मुलगी रहिमा करील, आणि रहिमा आत असताना दाराशी दुसरे माणूस असेल. घोडा विकू नये, कोणाला दाखवू नये, दातांना हात लावू देऊ नये. तो उठेनासा झाला तर दोघींनी मिळून ठरवून जनावरांच्या डॉक्टरकडून त्याला सोडवावे, आणि त्या वेळी रहिमाने त्याच्या तोंडाशी असावे, हात गप ठेवून.

कलम चौथे. दिवाळी तोंडावर आली आहे. वाडीच्या आसपास फटाके लावू नयेत अशी गावातल्या हिंदू भावांना माझी हात जोडून विनंती आहे. ती दर वर्षी करावी लागेल. मी नसलो तर मास्तरांनी करावी.

कलम पाचवे. या कागदाप्रमाणे सर्व होते की नाही हे पाहण्याचे काम रावजी मास्तरांचे. माझे दफन कर्ल्याच्या कबरस्तानात, वडिलांच्या पायाशी. कबर खोल खणावी. मला बंद जागेची पूर्वीपासून भीती आहे, हे सांगून उपयोग नाही हे समजते, तरी सांगितले. मौलवीसाहेबांनी त्या दिवशी जरा लांब दुआ करावी.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही व पुढे करण्याइतका वेळ मिळेल असे वाटत नाही. येथवरचे सर्व मास्तरांनी मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे.

ठिकाण कर्ला, तालुका रत्नागिरी. रविवार, तारीख १ नोव्हेंबर १९३६.

सही
युसुफ हुसेन होडेकर

साक्षीदार
१. रावजी भिकाजी नागवेकर, कर्ला, दस्त लिहिणार
२. दादू गोविंद मयेकर, भाट्ये, धंदा तर चालवणे

आम्ही साक्षीदार लिहून देतो की युसुफ हुसेन यांनी आमच्यासमोर स्वतःच्या हाताने सही केली. हात फार कापत होता. अंगठा चालेल असे सांगितले असता त्यांनी नको म्हटले, आणि हात आजाराने नव्हे तर भीतीने कापतो आहे, तसे नमूद करावे असे सांगितले, म्हणून नमूद केले. सही झाल्यावर घोड्याच्या पाण्याची वेळ झाली म्हणून ते बादली घेऊन मांगरात गेले. खालचे दार तुळसाबाईंनी धरले होते. आम्ही दोघे माडापर्यंत गेलो. त्यापुढे गेलो नाही.